कानाला एक, डोळ्यांना तीन



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांचे सारे आयुष्य फळा आणि खडू यांच्या सहवासात गेले. तेव्हा आजच्या व्याख्यानासाठी एखादा भव्य विषय शोधण्यापेक्षा फळ्यावर लिहिला जाणारा एखादा शब्दच घ्यावा, असे मला वाटले. हा शब्द मराठी नाही, गुजराती नाही, आणि इंग्रजी म्हणावा तर तो एक शब्दच नाही. तो आहे 'साइट'.

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर सकाळच्या प्रहरी उभे राहिले की हा शब्द हमखास कानी पडतो. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा, पूर्वी क्रमांक ८चा आणि आता ४८चा, राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. त्या गर्दीत गवंडी म्हणतो, 'मी साइटवर चाललो.' चष्म्याच्या दुकानातील माणूस 'लाँग साइट' आणि 'शॉर्ट साइट' असे भेद करतो. वकील एखादा जुना निवाडा 'साइट' करतो. आणि आजचा विद्यार्थी 'साइट उघडत नाही' म्हणून तक्रार करतो. एकाच उच्चाराने चौघांचे काम भागते. गवंडी डोळ्यावर चढून बसणार आहे, अशी शंका कोणाच्याही मनात येत नाही.

इंग्रजी लेखनात मात्र हे तीन वेगळे शब्द आहेत. दृष्टी या अर्थाचा शब्द एस-आय-जी-एच-टी असा लिहावयाचा, जागा या अर्थाचा एस-आय-टी-ई असा, आणि दाखला देणे या अर्थाचा सी-आय-टी-ई असा. विद्यार्थ्याचे साइट हे जागेच्याच कुळातले. कानाला एक असलेला हा शब्द डोळ्यांना तीन दिसतो. आमच्या पिढीने ही तीन रूपे घोकून पाठ केली. ती तीन का, हे मात्र बहुधा कोणी सांगितले नाही. जणू इंग्रजांनी आपल्या मुलांना छळण्यासाठीच ही योजना केली असावी, असा समज घेऊन पिढ्यांमागून पिढ्या शाळेबाहेर पडल्या.

वस्तुतः योजना अशी कोणीच केली नाही. जे घडले ते इतिहासाने घडविले.

पहिला शब्द अस्सल इंग्रजी, म्हणजे जर्मानिक कुळातला. 'पाहणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून तो बनला. त्यातील जी-एच ही आज मुकी असलेली अक्षरे एके काळी बोलत होती. घशातून किंवा टाळूपाशी घासून निघणारा, आपल्या 'ख'शी दूरचे नाते सांगणारा तो ध्वनी होता. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊबंद 'गेझिश्ट' हा चेहरा या अर्थाने नांदतो आणि त्यात तो घर्षक ध्वनी आजही ऐकू येतो. स्कॉटलंडच्या बोलीनेही तो जपला. दक्षिण इंग्लंडमध्ये तो हळूहळू विरला. लेखणीने मात्र त्याची जागा राखून ठेवली. दुसरा शब्द लॅटिन 'सितुस' म्हणजे स्थान यावरून आला. तिसरा लॅटिन 'कितारे' म्हणजे हालविणे, बोलावणे यावरून फ्रेंचमार्गे न्यायालयात पोहोचला. साक्षीदाराला पाचारण करावे तसे ग्रंथकाराला पाचारण करावयाचे. तीन गावचे तीन प्रवासी वेगवेगळ्या वाटांनी चालत आले आणि उच्चाराच्या एकाच धर्मशाळेत उतरले. त्यांच्या अंगावरील कपडे तेवढे आपापल्या गावचे राहिले. ते कपडे म्हणजे स्पेलिंग.

हे कपडे बदलले का नाहीत, याचे कारण छापखान्यात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय काढले. त्याच सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकू लागले होते. साधारणपणे १४०० ते १७०० या तीन शतकांत हे परिवर्तन घडत राहिले. म्हणजे एकीकडे उच्चार धावत होता आणि दुसरीकडे मुद्रक अक्षरे खिळ्यांनी ठोकून बसवीत होते. डॉ. जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखन बव्हंशी स्थिरावले होते. पण ते ज्या उच्चारांसाठी योजलेले, ते उच्चार तोवर इंग्लंडात उरले नव्हते.

सुरतकरांनी तरी या गोष्टीचे नवल करू नये, कारण या परिवर्तनाच्या ऐन मध्यावरचे इंग्रज येथे येऊन गेले आहेत. विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून १६०८ मध्ये सुरतेस आला. जहांगिराच्या दरबारी निघालेला सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे उतरला. टॉमस कोर्याट हा विक्षिप्त पायी प्रवासी १६१७ मध्ये सुरतेतच मरण पावला. शेक्सपिअरच्या काळातील ही माणसे. यांच्या तोंडी 'पाहणे' या अर्थाचा शब्द 'सी' असा आणि 'समुद्र' या अर्थाचा शब्द 'से'च्या जवळपासचा होता, असे इंग्रजीच्या इतिहासकारांचे अनुमान आहे. त्या दोन शब्दांत लिहिताना डबल-ई आणि ई-ए असा जो भेद केला जातो, तो त्या काळी कानालाही कळत होता. पुढे दोन्ही उच्चार एक झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर पोपने चहा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे यमक 'ओबे' या शब्दाशी जुळविले आहे. तेव्हा उच्चभ्रू लंडनमध्येही चहाला 'टे' म्हणत असले पाहिजेत, एरवी ते यमक जुळते ना. 'ग्रेट' आणि 'ब्रेक' हे शब्द ई-एचा तो जुना उच्चार अजून सांभाळून आहेत. एखाद्या वाड्यात सगळी भावंडे शहरात गेली आणि दोघे मागे राहिले, तसे.

दृष्टीच्याच गोतावळ्यातील आणखी एक जोडी मला विशेष प्रिय आहे. डोळा या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि मी या अर्थाचा शब्द, दोहोंचा उच्चार 'आय'. इंग्रजी कवींनी या योगायोगावर भरपूर कोट्या केल्या. पण मुळात शोध घेतला तर पहिल्याचे नाते संस्कृत 'अक्षि'शी लावतात आणि दुसऱ्याचे 'अहम्'शी. अक्षि आणि अहम् यांची गल्लत कोणी करील काय? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने डोळ्याला 'एआगे' आणि स्वतःला 'इच्' म्हटले असते. त्यालाही गल्लत करता आली नसती. ध्वनी झिजत झिजत शेवटी दोघांचे एकच नाणे झाले. (खिडकीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ नॉर्स अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. आपल्याकडे गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. घराला डोळा असावा ही कल्पना दोन्हीकडे सारखीच सुचली.)

डोळ्याने इतिहास जपला असे म्हणताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. डोळा कधी कधी खोटी साक्षही देतो. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्यात जी-एच कधीही नव्हते. पण 'लाइट' आणि 'साइट' यांच्या पंक्तीला बसलेला हा पाहुणा सोळाव्या शतकात त्यांच्यासारखा पोशाख घालून मोकळा झाला. आज तोच शुद्ध ठरला आहे, आणि मूळचे बिनपोशाखी रूप लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. शुद्ध आणि अशुद्ध या शब्दांविषयी मला जो थोडासा संशय वाटत आला आहे त्याचे एक कारण हे.

येथवर आपण परकीयांच्या घरात डोकावलो. आपल्या घरी काय चालते?

देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे, आपण बोलतो तसे लिहितो आणि लिहितो तसे बोलतो, असे आपण अभिमानाने सांगत असतो. त्यात तथ्य पुष्कळ आहे. पण कानाला एक आणि डोळ्यांना दोन, अशी जोडपी मराठीनेही दीर्घकाळ सांभाळली आणि त्यातील काही अजून सांभाळते. ही कथा सांगताना सुरतेला पुन्हा एकदा यावे लागते, आणि ते मला आनंदाचे वाटते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. 'मराठीचे पाणिनी' ही पदवी त्यांना लोकांनी दिली. हे दादोबा पुढे सरकारी इंग्रजी शाळेचे शिक्षक म्हणून सुरतेत राहिले. दुर्गाराम मेहताजींच्या समवेत १८४४ मध्ये त्यांनी येथे मानवधर्मसभा स्थापन केली. त्या सभेच्या पाच प्रमुखांची नावे 'द' या अक्षराने सुरू होत, म्हणून गुजरातीत त्यांना 'पाच दद्दा' म्हणतात. मराठीचा आद्य व्याकरणकार तापीकाठच्या मुलांना इंग्रजी शिकवीत होता, हे चित्र मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. ज्या प्रश्नाला आपण आज तोंड देतो, एका भाषेच्या मुलाने दुसऱ्या भाषेचे लेखन कसे आत्मसात करावे, तो प्रश्न त्या वर्गात रोज उभा राहत असला पाहिजे.

दादोबांच्या काळी मराठी लेखनात अनुस्वारांची रेलचेल होती. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'नांव' आणि 'नाव' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. अनुस्वार असलेले नांव म्हणजे संज्ञा. नसलेली नाव म्हणजे होडी. पहिला संस्कृत 'नाम'वरून आला, दुसरा 'नौ'वरून. 'म'कार झिजताना जाता जाता नाकात रेंगाळला आणि त्याची खूण म्हणून माथ्यावर टिंब राहिले. 'ग्राम'चे 'गांव' झाले तेही असेच. इंग्रजी जी-एच आणि मराठीतील हे टिंब यांची जात एकच: जो ध्वनी गेला त्याची राखून ठेवलेली जागा.

तो ध्वनी सर्वत्र गेला, असेही नाही. गोव्यात कोकणी बोलणाऱ्याच्या 'नांव'मध्ये नासिक्य उच्चार आजही स्पष्ट ऐकू येतो. आणि येथे गुजरातेत तर मूळ 'म'च जिवंत आहे: 'नाम', 'गाम'. म्हणून कडोदऱ्यातील मराठी मुलाला जुने मराठी पुस्तक वाचताना एक सोय आहे, जी पुण्याच्या मुलाला नाही. जेथे शेजारचा गुजराती मित्र 'म' म्हणतो तेथे आपल्या पणजोबांनी टिंब दिले, एवढे त्याने ध्यानात ठेवले तरी अर्धे व्युत्पत्तिशास्त्र हाती येते.

पुणे-मुंबईच्या शिष्ट उच्चारात मात्र हे टिंब मुके झाले होते, आणि मुक्या टिंबांपायी मुलांचे हाल होत. 'तें', 'केलें', 'मुलें', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं': कोठे द्यावे, कोठे देऊ नये, हे कानाला विचारून उपयोग नव्हता. ज्याच्या घरी पोथ्यापुस्तके होती त्याच्या डोळ्यांना ते सवयीने कळे. ज्याच्या घरी पुस्तकच नव्हते त्याने काय करावे? या प्रश्नाचा सामाजिक अर्थ स्पष्ट आहे. तो अधिक उकलून सांगण्याची गरज नाही. वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम सिद्ध केले, महाराष्ट्र शासनाने ते स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली, आणि अठरा नियमांची जी व्यवस्था झाली तीच आज शाळेत चालते. उच्चारात नसलेला अनुस्वार, मग तो व्युत्पत्तीने सिद्ध होवो की न होवो, देऊ नये असे ठरले. नांवाचे नाव झाले.

होडी आणि संज्ञा यांत त्यामुळे घोटाळा झाला काय? तिळमात्र नाही. 'माझे नाव' आणि 'माझी नाव' यांत लिंग भेद सांगते, आणि संदर्भ तर सदैव हजर असतोच. साइटवर जाणाऱ्या गवंड्याचेच उदाहरण पुन्हा आठवा. या सुधारणेचा मी पहिल्यापासून समर्थक आहे. तथापि काही हरवले, हेही मान्य केले पाहिजे. 'नाव' पाहून 'नाम' आठवत नाही. 'नांव' पाहून आठवत असे. आणि टिंबे काढून टाकली तरी हातांची सवय जात नाही. जुन्या लेखनात 'केव्हां', 'जेव्हां' यांच्या शेवटच्या अक्षरावर अनुस्वार असे. आज तो नियमाने गेला, आणि पुष्कळांच्या लेखणीतून 'केंव्हा', 'जेंव्हा' असा मधल्याच अक्षरावर येऊन बसला. हे आपले 'डिलाइट'.

नियमांनी सगळे सोपे केले असेही नव्हे. दृष्टीचेच उदाहरण घ्या. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, म्हणून 'दृष्टि'ची 'दृष्टी' झाली. पण तोच शब्द समासात प्रथम पदी आला की मूळ संस्कृत ऱ्हस्व परत येतो: 'दृष्टिकोन', 'दृष्टिदोष', 'दृष्टिहीन'. कान या दोहोंत फरक करीत नाही. हात या अर्थाचा 'पाणि' आता 'चक्रपाणी'त दीर्घ होऊन पाण्याशी एकरूप दिसतो. आणि सर्वांत मौजेचा शब्द 'गुण'. मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ: मूल, फूल, सून. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र त्याला अपवाद, म्हणून 'गुण' ऱ्हस्व. आपण सारे बोलताना 'गूण' असेच बोलतो. जे ऐकले ते मुलाने इमानाने लिहिले, तर 'गुण' हा शब्द चुकला म्हणून त्याचा गुण जातो. हा शब्द संस्कृत आहे हे त्याला कोणत्या इंद्रियाने कळावे? या एका अपवादाबद्दल परीक्षकांनी हात आखडता घ्यावा, असे मी परीक्षक-मंडळांत वेळोवेळी सुचविले. सूचना नोंदवून घेतली जात असे.

शेजारी गुजरातीतही हेच रामायण आहे. सुरतेचा सुपुत्र नर्मद (१८३३–१८८६) याने एकट्याच्या बळावर 'नर्मकोश' रचून १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. गांधीजींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाने १९२९ मध्ये 'जोडणीकोश' काढला आणि लेखनाला शिस्त लावली. मग १९९९ मध्ये ऊंझा येथील परिषदेने, बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इ-उ यांचा भेद उरलेला नाही, तेव्हा लेखनात एकच 'ई' आणि एकच 'उ' ठेवावा, असा ठराव केला. तो सर्वमान्य झाला नाही. डोळ्यांची सवय मोडणे हे कानांची सवय मोडण्यापेक्षा अवघड असते, एवढे त्यावरून दिसले.

आता या परिसरातील एका मुलाची कल्पना करा. त्याचे आईवडील धुळे, नंदुरबार किंवा जळगावकडून तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने कामासाठी आलेले. घरी अहिराणी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून त्याच्या घरी डोळ्याला 'डोया' आणि शाळेला 'शाया' म्हणतात. गल्लीत गुजराती. तेथे मित्र त्याला 'जो' म्हणतो, म्हणजे 'पाहा'. तोच 'जो' गुजरातीत 'जर' या अर्थानेही येतो, आणि मराठी पुस्तकात 'जो' म्हणजे जो मनुष्य. इंग्रजीच्या तासाला 'सी' म्हणजे पाहा, 'सी' म्हणजे समुद्र, आणि वर्णमालेतील तिसरे अक्षरही 'सी'. या मुलाच्या कानांवर दिवसाकाठी जितके ध्वनी येतात आणि प्रत्येकाचा अर्थ तो जितक्या चपळाईने लावतो, ते पाहिले तर आपण थक्क व्हावे. त्याचे कान पंडिताचे आहेत. पण वहीत त्याने 'शाया' लिहिले, समुद्राच्या जागी पाहणे लिहिले, 'गूण' लिहिले, की लाल शाईच्या तीन रेघा उमटतात आणि घरी निरोप जातो की मुलगा मंद आहे. असा निरोप मिळाल्यावर शिक्षण सोडून कामाला लागलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या बुद्धीत उणे काही नव्हते. जो भेद कानाने कधीच दिला नव्हता तो त्यांच्याकडे मागितला गेला, आणि तो कोठून आला हे मात्र कोणी दाखविले नाही.

दाखविता येतो, हेच मला आज सांगावयाचे आहे. नियमांनी जे अनुस्वार राखले त्यांतील एक याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अनेकवचनाच्या सामान्यरूपात विभक्तिप्रत्ययापूर्वी अनुस्वार द्यावा, असा नियम आहे. त्यामुळे 'डोळ्यात' आणि 'डोळ्यांत' हे दोन वेगळे शब्द ठरतात. रोजच्या बोलण्यात दोहोंचा उच्चार एकच. टिंब नसेल तर डोळा एक, टिंब असेल तर दोन. नुसता नियम फळ्यावर लिहून दिला तर मूल तो परीक्षेपुरता पाठ करील आणि दिवाळीच्या सुटीत विसरेल. त्याऐवजी वर्गाला विचारावे, वाऱ्याने कुसळ उडाले तर ते किती डोळ्यांत जाते? मुले सांगतील, एका. आणि आई बाळाला काजळ घालते ते किती? दोन्ही. मग एकाखाली एक दोन ओळी लिहाव्यात: 'डोळ्यात कुसळ गेले', 'डोळ्यांत काजळ घातले'. आणि दुसऱ्या ओळीतले टिंब रंगीत खडूने देऊन, ते दुसऱ्या डोळ्याचे आहे, असे सांगावे. अहिराणी बोलणारे मूल असेल तर त्याला आधी 'डोयामा' म्हणू द्यावे. 'ळ' मागाहून येतो.